दर सोमवारी वाचा जाते

सोळा सोमवारांतले पंधरा निर्विघ्न पार पडले होते, आणि सोळाव्याच्या दिवशी आमच्या करडी गावात कंप्युटर आला.

शहाऐंशी सालची गोष्ट. कार्तिक सरत आला होता, धान कापून झालं होतं आणि खळ्यांवर चुरणी, म्हणजे मळणी, सुरू होती. माझे सोमवार श्रावणात धरलेले. कशासाठी, ते मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं, इथे सांगते. आमची उषा तुमसरला दिलेली. तिची दोन लेकरं पोटातच गेली. दोन्ही वेळेला तिसरा महिना लागल्याबरोबर मीच आनंदाच्या भरात विहिरीवर, चक्कीवर, तळ्याच्या पाळीवर, जी भेटेल तिला सांगत सुटले होते. कोणाची नजर लागली असं मी म्हणणार नाही. पण आपल्या जिभेला जरा आवरायला हवं होतं, एवढं मनानं घेतलं. म्हणून तिसऱ्या खेपेला मी महादेवासमोर उभी राहून बोलले, की सोळा सोमवार आंघोळीपासून दिवेलागणीपर्यंत अन्न नाही, पाणी नाही आणि शब्द नाही. हातवारेही नाहीत आणि पाटीवर लिहिणंही नाही. हातवारे करत मौन पाळायचं म्हणजे उपासाच्या दिवशी दार लावून भात खाण्यासारखंच. मध्ये एक जरी चुकला तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. आणि आता उषाला नववा भरत आला होता. पुन्हा पहिल्यापासून मोजायला महिने होते कुठे?

तशी मी बाकीचे सहा दिवसही फार बोलते असं नाही. त्यामुळे पहिले तीन सोमवार घरात कोणाच्या लक्षातच आलं नाही. चौथ्या सोमवारी ह्यांनी विचारलं, "आज तुहा आवाज बसला काय वो?" मी काही बोलले नाही. मंगळवारी सांगितलं, "मौन होतं." ते म्हणाले, "असं होय. मले वाटलं रागावली."

हे म्हणजे आमचे पुंडलिकराव, ग्रामपंचायतीचे मेंबर. गावात काही नवं येणार असलं की ते आमच्याच घरापासून सुरू व्हायला पाहिजे, असा त्यांचा बाणा. गोबरगॅस आधी आमच्या अंगणात आला आणि आधी आमच्याच अंगणात बंद पडला. तेव्हा नागपूरच्या कुठल्याशा कॉलेजातले लोक रोग ओळखणारं मशीन घेऊन शाळेत शिबिर लावणार हे कळल्याबरोबर ह्यांनी तिथल्या तिथे शब्द दिला, "पयली आमच्या घरची बसन." त्यात पंधराव्या सोमवारी मी खळ्यावर धानाच्या पेंढ्या देता देता भोवळ येऊन पुंजण्यालाच टेकले होते. पुंजणा म्हणजे पेंढ्यांचा उंच ढीग. टेकायला बरा असतो. पण ह्यांनी ते पाहिलं आणि मनात धरलं.

मला हे कळलं ते सोळाव्या सोमवारी, आंघोळ झाल्यावर. मी नको म्हटलं असतं. पण नको म्हणायलाही तोंड लागतं.

*

चौथीच्या वर्गात मशीन मांडलं होतं. खिडक्यांना चादरी टांगून अंधार केला होता, आणि धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायला लावल्या होत्या. अंधारी खोली, बाहेर चपला, आत मधोमध उंचावर ठेवलेलं काहीतरी. येणारा जो तो दारातूनच हात जोडत होता. ह्यांनी नारळ आणि हळदकुंकू आणलंच होतं.

"काका, नारळ बाहेर फोडा," मशीनजवळचा मिशीवाला तरुण माणूस घाबरून म्हणाला. "ह्याच्यावर पाण्याचा थेंब जरी उडाला तर मशीन जागच्या जागी मरेल."

नारळ बाहेर फुटला. पण तो वायर खोचायला वाकला तेवढ्यात ह्यांनी मशीनच्या मागच्या अंगाला कुंकवाचं बोट लावून घेतलं.

"ह्यात मोठ्या मोठ्या डॉक्टरांच्या डोक्यातलं सगळं भरलंय," तो माणूस सर्वांना सांगू लागला. "हे प्रश्न विचारणार. मी तुम्हाला मराठीत सांगणार. तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणायचं. मग हे विचार करून रोग सांगणार. मी इंजिनियर आहे. माझं नाव ईश्वर. मला सगळं खरं खरं सांगायचं."

वर्गातल्यांनी पुन्हा हात जोडले.

"खुद्द ईश्वर इचारून राहिला," मागून सखाबाईचा आवाज आला. "आता खोटं कोण बोलन वो?"

ही सखाबाई ढिवराची. नवरा भैयालाल तळ्यात जाळं टाकतो आणि ही मासळी विकते. माझ्या उपासाच्या दिवशी टोपली माझ्या दारावरून नेत नाही, मागच्या बोळातून वळसा घालून जाते. मी न बोलणारी आणि ती बोलणं न थांबवणारी, म्हणून आमचं चांगलं जमतं.

मला खुर्चीवर बसवलं. समोरच्या काचेत हिरवी अक्षरं उमटली.

"नाव?" ईश्वरनं विचारलं.

आता ह्यांनी जन्मात माझं नाव घेतलेलं नाही. लग्नातल्या उखाण्यातसुद्धा नुसती नदी आणि डोंगर सांगून मोकळे झाले होते. भर वर्गात ते लाजले.

"उषाची माय," ते म्हणाले.

ईश्वरनं तेच टिपलं.

"वय?"

"असंल… पन्नास. साठ लिहा."

चव्वेचाळीस! मी मनातल्या मनात ओरडले. मग मनातलं ओरडणं मौनात बसतं की नाही याच विचारात पुढचे दोन प्रश्न निघून गेले.

"काका, पेशंटला बोलू द्या ना."

"ते बोलत नाही जी."

"वाचा गेलीय?"

"आज गेली आहे."

"कधीपासून?"

"सकाळपासून. आंघोळ झाली आन गेली."

"आधी कधी असं झालं होतं?"

"दर सोमवारी वाचा जाते. दिवा लागला का परत येते."

ईश्वरनं मशीनकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. "ह्यात सोमवार नाही. 'अधूनमधून' आहे. ते दाबतो."

"अवो बापू, उपास हाये तिचा!" सखाबाई पुढे घुसली. "सोळा सोमवाराचा! मौन हाये!"

"मावशी, उपासाचं बटण नाही ह्याला. जेवते का, एवढंच विचारलंय त्यानं. हो की नाही?"

"जेवंल कशी? उपास हाये तं!"

"म्हणजे नाही." ईश्वरनं बटण दाबलं. "पाणी पिते?"

"नाही," हे म्हणाले.

"पाणी समोर आणलं तर?"

"तोंड फिरवते. सकाळी मीच लोटा पुढं केला होता, म्हटलं भोवळ येते तं घे दोन घोट. तं अशी पाहे जी माह्याकडं, का मीच मागं सरलो."

"अंधारात बसून राहते?"

"देवघरात बसते. अंधारच असते तिथं."

"कोणी समोर नसताना ओठ हलतात?"

"तासभर हलतात."

"एकाच जागी गोल गोल फिरते?"

"हाव जी. पिंपळाभवताल. आन मोजत फिरते."

सगळी उत्तरं खरी होती. एकही शब्द खोटा नव्हता, आणि खुर्चीवर बसल्या बसल्या मलाच माझी काळजी वाटू लागली होती.

"आता शेवटचा. कुत्रं, मांजर, कोल्हा, ह्यांपैकी काही चावलंय?"

"नाही," हे म्हणाले. मग मेंबराला शोभेल असा विचार करून म्हणाले, "पण पोळ्याच्या दिवशी आमच्या मोत्यानं तिचा हात चाटला होता. हाताले पुरण होतं."

"चाटलं म्हणजे हो."

मशीन थोडं गुरगुरलं. मग शेजारच्या खोक्यातून चर्र चर्र करत कागद बाहेर आला. ईश्वरनं तो फाडून वाचला आणि त्याची मिशी हलली.

"जलसंत्रास," तो म्हणाला. "म्हणजे… पिसाळलेल्या कुत्र्याचं विष. सत्त्याऐंशी टक्के."

वर्गातली माणसं एका लाटेसारखी मागे सरली. एक बाक उलथला. माझा हात धरून उभ्या असलेल्या ह्यांनी हात सोडला, हे मी पाहिलं. नंतर ते म्हणाले की घाम पुसायला सोडला होता.

"उरलेले तेरा टक्के काय हाये जी?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"धनुर्वात."

*

शिबिराचे डॉक्टरसाहेब मोहाडीला मीटिंगला गेले होते, पाचला येणार होते. ईश्वर म्हणाला, "मी डॉक्टर नाही, त्यांना येऊ द्या." पण तिथे खुशाल होता. खुशाल म्हणजे आमच्याच गावचा कंपाउंडर, शिबिराला मदतीला आलेला. त्याला सुई टोचायची इतकी हौस की गावातली गुरंसुद्धा त्याला ओळखून पळतात.

"पाचपर्यंत कायले थांबता?" तो बाह्या सारत म्हणाला. "पागल कुत्र्यावर चौदा सुया असतात, बेंबीच्या भवताल. पयली मी इथंच देतो. उरल्या तेरा भंडाऱ्याले."

स्टोव्ह पेटला. पातेल्यात सुई उकळायला पडली. सुई केवढी होती ते मी सांगत नाही. सखाबाई नंतर म्हणाली की तिच्या जाळ्याची सुई त्यापेक्षा नाजूक आहे.

इकडे गावाचं डोकं सुरू झालं होतं. "पंधरा सोमवार बिचारीनं रोगात काढले," कोणीतरी हळहळलं, "आन आपण भक्ती समजून राहिलो." दुसरा म्हणाला, "म्हणूनच पिंपळाभवताल फिरे." तिसऱ्यानं मला बांधून ठेवावं असं सुचवलं, पण बांधायला पुढे कोण जाणार यावर ते राहिलं.

ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन हात लांबूनच ते म्हणाले, "उषाची माय, एक शब्द बोल. कोणताबी. माहं नाव घे पाहिजे तं. मंग मी सगळ्याईले घरी धाडतो."

आणि खुशालनं स्टीलच्या पेल्यात पाणी आणून माझ्यासमोर धरलं. "हे घे, काकू. एक घोट पिऊन दाखव. पेली तं रोग नाही. पोटात सुई खुपसायची मलेबी काही हौस नाही." हे मात्र तो खोटं बोलला, तेही ईश्वरासमोर.

पाणी गार होतं. पेल्याला बाहेरून घाम आला होता. सकाळपासून माझ्या जिभेला कापूस लागल्यासारखं झालं होतं. एक घोट, की मी मोकळी. एक शब्द, की मी मोकळी. पण मला दिसत होती ती उषा, तुमसरच्या घरात भिंतीला पाठ लावून पाय पसरून बसलेली, पोटावर हात ठेवून. दोनदा रिकाम्या हातानं माहेरी आलेली. दिवेलागणीला दोन तास राहिले होते. एवढे दिवस गेले, दोन तासांसाठी मी महादेवाला काय तोंड दाखवू?

मी तोंड फिरवलं.

"पाहा! पाहा!" वर्ग ओरडला. "पाणी पायलं आन तोंड फिरवलं!"

मग मला खरी भीती वाटू लागली, आणि ती सुईची नव्हती. सुई उपासाला चालते की नाही हा एक प्रश्न होताच. लस पोटात जाणार, म्हणजे ती खाल्ल्यात धरायची का? पण त्याहून मोठी गोष्ट अशी की मला सुई टोचली की तोंडातून "आई गं" निघतंच. बाळंतपणात निघालं, काटा रुतला तरी निघतं. ते काही मी ठरवून म्हणत नाही. आणि "आई गं" हे दोन शब्द आहेत.

*

सुईला उकळी फुटत होती. तेवढ्यात सखाबाईनं पदर खोचला आणि ईश्वरच्या टेबलावर दोन्ही हात टेकले.

"बापू, सुई शिजेपर्यंत माहा एक पेशंट पाहून घे."

"कुठाय?"

"तो येऊ शकत नाही. जागचा हालत नाही. पण हिच्यासारखंच हाये त्याचंबी."

ईश्वरला बिचाऱ्याला माझ्याकडे बघवत नव्हतं. काहीतरी दुसरं करायला मिळालं म्हणून त्यानं लगेच बटणं दाबली. "नाव?"

"महादेव."

"राहणार?"

"तळ्याच्या पाळीवर."

"वय?"

"लय."

"साठच्या वर?"

"वरच धर."

"बोलतो?"

"नाही. आमी बोलतो, तो आयकते."

"जेवतो?"

"समोर ठेवा लागते. खातानी कोणी पायला नाही."

ह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पाळीवर? पाळीवर कोण महादेव राहते वो?"

"तुमाले ठाऊक हाये, भाऊ. थांबा."

"पाणी पितो?" ईश्वरनं पुढचं विचारलं.

"पीत नाही. डोक्यावरून ओततात त्याच्या, चोवीस तास थेंब थेंब. श्रावणात तं धारच लागते."

"डोक्यात पाणी," ईश्वर पुटपुटला आणि बटण दाबलं. "काही चावलंय?"

"गळ्यातच साप हाये."

"साप? जिवंत?"

"फणा काढून बसला असते."

ईश्वर ताठ बसला. "मग तुम्ही लोक काय करून राहिलेत?"

"दूध पाजतो."

मागे कोणीतरी खुसखुसलं. मी मान खाली घातली आणि जमिनीवरच्या फरशा मोजायला लागले.

"विष वगैरे पोटात गेलंय?"

"पेला होता एक खेपेला, दुसऱ्याईचा जीव वाचवाले. तवापासून गळा निळा पडला, तो काही उतरला नाही."

"अंगावर काही लावतो?"

"राख."

"नशापाणी?"

"भांग हाये. धतुरा तं लोकच आणून देतात."

"लग्न झालंय?"

"झालं. बायको बाजूले बसते. आन दुसरी," सखाबाईनं आवाज खाली आणला, "डोक्यावर बसून राहते."

"मानसिक ताण," ईश्वर गंभीरपणे म्हणाला. "मुलं?"

"दोन. मोठ्याचं तोंड हत्तीचं हाये."

ईश्वरचं बोट बटणावर पडलं, मग हवेत थांबलं. पण मशीन थांबलं नाही. ते भरभर गुरगुरलं, चर्र चर्र करत हातभर कागद बाहेर आला, आणि ईश्वर तो सवयीनं मोठ्यानं वाचून गेला:

"रुग्ण महादेव. सर्पदंश, विषबाधा, नशा, डोक्यात पाणी. जगण्याची आशा तीन टक्के. घरच्यांना बोलावून घ्यावं."

"अरे पण कोण हा महादेव?" ह्यांनी कळवळून विचारलं. "आपल्या गावातला माणूस मराले टेकला आन पंचायतीत खबर नाही?"

"भाऊ," सखाबाई म्हणाली, "सकाळीच तं बेल वाहून आले तुमी त्याले."

मग ह्यांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मग ते सावकाश पाळीवरच्या देवळाच्या दिशेला वळले आणि हात जोडून पुटपुटले, "तीन टक्के!"

आणि मी हसले.

मी फार अडवलं. ओठ दाबले, पदर तोंडात घेतला, उषाला आठवलं, महादेवाला आठवलं, पण महादेव आठवल्याबरोबर तो हातभर कागदच आठवला. हसू आधी नाकातून निघालं, मग खांद्यातून, आणि मग असं मोठ्यानं फुटलं की स्टोव्हजवळ उभा असलेला खुशाल दचकला. पाठोपाठ सगळा वर्ग फुटला. ईश्वर टेबलावर डोकं ठेवून हसत होता. एकटा खुशाल चिमट्यात सुई धरून उभा होता.

"अबे ठेव ते!" हे त्याच्यावर ओरडले. "तुह्या माय-मावशीले उपास नसते काय?" आणि तीन हातांचं अंतर ओलांडून पुन्हा माझ्याजवळ येऊन उभे राहिले, जसे काही कधी गेलेच नव्हते.

ईश्वरनं माझा कागद चार ठिकाणी फाडला. मग वही काढली आणि म्हणाला, "मावशी, हे मशीनला शिकवायला पाहिजे. उपासात काय काय बंद असतं, सांगा." सखाबाई सांगू लागली. सोमवारी हे, चतुर्थीला ते, एकादशीला दोन्ही वेळ, शनिवारी संध्याकाळी सोडायचा. मीठ चालतं पण सैंधव. वरीचा भात चालतो, धानाचा चालत नाही.

"दोन्ही भातच ना?"

"दिसाले सारखेच. पण एक भात हाये आन एक नाही."

ईश्वरनं पेन खाली ठेवलं, कपाळ चोळलं आणि म्हणाला, "पुन्हा पहिल्यापासून सांगा."

पाचला डॉक्टरसाहेब आले. सगळं ऐकून त्यांनी माझ्या डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली, रक्त कमी आहे म्हणाले, लाल गोळ्या दिल्या आणि ह्यांना विचारलं, "दिवसभर पाणी नाही, त्यात खळ्यावर काम. भोवळ नाही येणार तर काय येणार?" एवढ्याला त्यांना मशीन लागलं नाही. पण ते ऐकायला माझं मन तिथे नव्हतंच.

मी हसले होते. आवाज काढून हसले होते. दिवेलागणीला अजून अर्धा तास होता.

*

आमच्या आळीत सत्यभामाबाई म्हणून आहेत. कुठल्या व्रताला काय चालतं ते सगळं त्यांना विचारून होतं. शाळेच्या दारातच त्यांनी मला गाठलं.

"आवाज निघाला?" त्यांनी विचारलं.

मी अर्थातच गप्प.

"निघाला. मी तिकडं खळ्यावर होती, तिथवर आला. मंग मौन मोडलं."

"हसणं म्हणजे बोलणं नाही वो!" सखाबाई म्हणाली.

"मंग काय हाये?"

"हसणं हाये!"

"मौनात हसाचं असते, असं कोणत्या पोथीत लिवलं हाये?"

"हसाचं नाही, असं तरी कोणत्या पोथीत लिवलं हाये?"

दोघींच्या आवाजानं पुन्हा माणसं जमली. ईश्वर जीपमध्ये मशीन चढवत होता, तो नम्रपणे पुढे आला. "हवं तर मशीनला विचारून पाहू?"

"नको!" सगळे एकदम म्हणाले. त्यात सत्यभामाबाईही होत्या.

मी पाळीवर गेले. देवळात अंधार होत आला होता. तळ्यावरून पाखरं उडत घरट्याकडे निघाली होती. मी समई लावली, हात जोडले, आणि दिवसाचा पहिला शब्द बोलायला तोंड उघडलं तर मंत्रच आठवेना. म्हटलं, "देवा, तुझ्यावर हसले नाही, तुझ्यापायी हसले. आता मोडलं असेल तर मोडलं म्हण, मी पुन्हा पहिल्यापासून धरते. फक्त तिच्या लेकराला तेवढे दिवस थांबायला सांग."

पिंडीवरच्या अभिषेकपात्रातून थेंब पडत होते. बाकी काही ऐकू आलं नाही.

लेकरू काही थांबलं नाही. घरी आले तर अंगणात जावई, तेजराम, सायकलला टेकून उभे. उषाला कळा सुरू झाल्या होत्या, दोन आठवडे आधीच. मी उपास सोडला तो उभ्यानं, एक केळ आणि लोटाभर पाणी, आणि शेवटच्या यष्टीनं तुमसरला गेले. वाटेत मी काय काय बोलले देवाशी ते आठवत नाही. शेजारच्या बाईनं मात्र जागा बदलली होती. मंगळवारी सकाळी भाताच्या गिरणीचा भोंगा झाला आणि त्याच्या पाठोपाठ आत रडणं ऐकू आलं. मुलगी. भोंग्यापेक्षा तिचाच आवाज मोठा.

पण सोळावा धरायचा की नाही, हे तसंच राहिलं. मूल सुखरूप झालं म्हणजे व्रत लागू पडलं, असं म्हणता येतं. पण तेवढ्यावर निजायची माझी तयारी होईना. प्रदक्षिणा घालताना मोजण्यात चूक झाल्यासारखी वाटली की आम्ही बायका दोन वर घालतो, म्हणजे देवाकडे कमी पडायला नको. तसा एक सोमवार वर घालावा असं ठरवलं. पुढला सोमवार तुमसरलाच आला. पहाटे आंघोळ केली, अन्न नाही, पाणी नाही, शब्द नाही.

दहा वाजता बाळ रडू लागलं. उषा म्हणाली, "आई, ही काहून रडून राहिली?" मी गप्प. "आई, भूक लागली असंल का पोट दुखत असंल?" मी गप्प. "आई, ओवा देऊ काय? आई! बोल ना वो!" मग उषाही रडू लागली. दोघींच्या मध्ये मी मौन घेऊन बसले होते. शेवटी मी बाळाला उचललं, खांद्यावर टाकलं, पाठीवर थापटलं आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "उं उं उं उं." ढेकर आला आणि बाळ थांबलं.

आता "उं उं" हा काही शब्द नाही. कोणत्याही पोथीत त्याचा अर्थ दिलेला नाही. आणि तो शब्द नसेल, तर हसणं हाही शब्द नाही. म्हणजे मौन त्या दिवशीही मोडलं नव्हतं आणि आजही नाही. हे मी माझं मीच ठरवून टाकलं. सत्यभामाबाईंना अजून विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

संध्याकाळी उषाच्या सासूबाईंनी दिवा लावला आणि मला म्हणाल्या, "लागला दिवा. बोला आता."

बाळ मांडीवर नुकतंच झोपलं होतं. मी आणखी तासभर गप्प बसले.